आखाती अरबी बोलीवर छोटा प्रबंध: किती माणसं पुरतात, नोंदी कशा घ्याव्यात?

बारव (धागाकर्ता)

भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी प्रबंध करायचा आहे. विषय डोक्यात आहे तो 'आखाती अरबीत क़ाफ (फुस्हात घशाजवळून म्हणायचा क़) या अक्षराचा उच्चार'. फुस्हा, म्हणजे पुस्तकांची आणि बातम्यांची अरबी, वाचता-लिहिता येते. बोलीचा कान तयार नाही. बहारीनमध्ये सहा आठवडे राहायची सोय झाली आहे. प्रश्न असे:

१. बोलणारे किती लागतील? 'पुरेसे घ्या' या सल्ल्याचा उपयोग होत नाहीये.
२. वेगळा रेकॉर्डर नाही. फोनवर भागेल का? कमी पडलेले नमुने व्हॉट्सॲपवर मागवले तर चालेल?
३. इंटरनेटवर अरबी बोलींचे तयार संग्रह आहेत. त्यांवरच काम केलं तर प्रवास वाचेल का?
४. भारतीय माणूस समोर दिसला की लोक बोलीत बोलतात की फुस्हात?

कृपया नेमकं सांगा. 'भरपूर वाचा' हे ऐकून झालंय.

खारवी

विषय थोडा सरकवा, मग बाकीचं सोपं होईल.

'आखाती अरबी' ही एकच बोली धरून निघालात तर पहिल्या आठवड्यातच गोंधळ उडेल. बहारीनसारख्या एवढ्याशा देशात दोन बोली शेजारीशेजारी नांदतात, आणि त्यांची वाटणी अंतरावर नाही, समाजावर आहे. सुन्नी 'अरब' मंडळींची बोली मूळ अरबस्तानातून आलेल्या टोळ्यांची. शिया 'बहारना' मंडळींची बोली तिथली जुनी, शेती आणि मासेमारी करणाऱ्या गावांची. भाषा-अभ्यासक क्लाइव्ह होल्स यांनी १९७०च्या दशकात तिथे नोंदी घेतल्या आणि पुढे त्यांवर तीन खंड काढले (२००१, २००५, २०१६). पहिला खंड शब्दकोशाचा आहे. निघण्यापूर्वी निदान तो चाळा.

फरक कानाला लगेच कळतात. कोंबडीला अरब 'दियाय' म्हणतात, बहारना 'दिजाज'. तीनला एकीकडे 'थलाथा' (हा थ इंग्रजी 'थिंक'मधला, आपला नव्हे), दुसरीकडे 'फलाफा'. बाईला 'तुझं घर' म्हणताना अरब 'बेतिच', बहारना 'बेतिश'. यात हुवला आणि अजम हे इराणी किनाऱ्याशी नातं असलेले समाज मिसळले की चित्र आणखी दाट होतं. पहिल्या अभ्यासात ते घेऊ नका.

आता क़ाफ. नवख्याने क़ाफ घेऊ नये, याची कारणं:

एक, आखातात मूळ क़ाफचे एकाच माणसाच्या तोंडी तीन-चार अवतार असतात. साधारणपणे 'ग'. पुढचा स्वर (इ, ई) शेजारी असला तर पुष्कळ शब्दांत 'ज': क़िदर (भांडं) होतो 'जिदर', क़रीब होतो 'जिरीब', रफ़ीक़ होतो 'रिफीज'. शिकलेल्या शब्दांत पुन्हा क़ किंवा चक्क ग़. कुवेत-बहारीनमध्ये क़ आणि ग़ यांची अदलाबदल होते. बहारना गावांत तर तो घशाकडे सरकलेल्या 'क'सारखा ऐकू येतो. हे सगळं एका तक्त्यात 'क़ाफचे पर्याय' म्हणून टाकलंत तर तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजताय.

दोन, 'गाल, यिगूल' (म्हणाला, म्हणतो) हे क्रियापद. अर्ध्या तासाच्या गप्पांत हा एकच शब्द तुमच्या क़ाफच्या निम्म्या नोंदी खाऊन टाकेल.

तीन, अरब मंडळींत साध्या शब्दांतला 'ग' जवळजवळ ठरलेला आहे. जिथे बदल नाही तिथे मोजायचं काय?

त्यापेक्षा जीम (ज हे अरबी अक्षर) घ्या: ज की य? दियाय की दिजाज, मस्यिद की मस्जिद. दोन पर्याय, दोन्ही ठळक, समाजाशी जोडलेले, आणि ऐकून ठरवता येणारे. एकच खड्डा सांभाळा: वर दिलेला 'जिदर'मधला ज हा क़ाफचा आहे. तो पुढे य होत नाही. तो जीमच्या नोंदींत शिरला तर 'अरबसुद्धा ज वापरतात' असा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून प्रत्येक शब्दासमोर त्याची फुस्हातली मूळ धातू-अक्षरं लिहायचा रकाना ठेवा. मूळचा य असलेले शब्दही त्याच रकान्यामुळे गाळले जातील.

ओनामा

२ आणि ४ घेतो, कारण खरी माती तिथेच होते.

समोरचा फुस्हात बोलेल ही भीती आहेच, पण आखातात त्याहून मोठी भीती वेगळी. दक्षिण आशियाई चेहरा दिसला की लोक नकळत कामगारांशी बोलायच्या तोडक्या अरबीत शिरतात. 'अना माफी मालूम' (मला ठाऊक नाही), 'अना यिरूह' (मी जातो, पण क्रियापद 'तो जातो'चं), प्रत्येक वाक्यात 'फी' ('आहे'). भाषाविज्ञानात तिला आखाती पिजिन अरबी म्हणतात; जे. आर. स्मार्ट यांचा तिच्यावरचा पहिला अहवाल १९९०चा. तुमची अरबी कितीही चांगली असो, ही सवय पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सुटत नाही. उलट तुम्ही शुद्ध फुस्हात प्रश्न विचारलात तर समोरचा दुसऱ्या टोकाला जाऊन वर्तमानपत्र वाचायला लागतो. दोन्हींत बोली हाती लागत नाही.

उपाय: मुलाखत घेऊच नका. ओळखीतले दोघं बसवा (भाऊ-भाऊ, शेजारी, काकी-पुतणी), विषय सुचवा आणि खोलीबाहेर जा. रमजानमधलं जेवण, जुनी घरं, लग्नं, मासेमारी हे विषय चालतात. राजकारण, शिक्षण आणि धर्म यांनी फुस्हा वर येते. सुरुवातीची दहा मिनिटं मोजणीत धरू नका. शक्य असेल तर त्या-त्या समाजातला एक सहायक घ्या, आणि बायकांच्या नोंदींसाठी बाई सहायकच. 'घरच्यांशी बोलताना जसं बोलता तसं बोला' असं सांगू नका. तसं सांगितलं की माणूस बोली 'करून दाखवतो'.

गप्पांत न येणाऱ्या गोष्टी शेवटी वेगळ्या काढून घ्या. चित्रं दाखवा, वस्तू दाखवा. 'दजाजाला (कोंबडीला) तुम्ही काय म्हणता?' असं विचारलंत की उत्तरात तुमचाच ज परत येतो.

फोन: चालेल, पण अटींवर. नेहमीचं व्हॉइस रेकॉर्डर ॲप आवाज दाबून साठवतं आणि स्वतःच कमी-जास्त करतं. दाब न देता डब्ल्यूएव्ही साठवणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ, किमान १६ बिट. आपोआप आवाज जुळवणं आणि खरखर काढणं बंद करा. कॉलरला लावायचा तारेचा माइक घ्या, तोंडापासून वीतभर खाली. दोन माणसं असतील तर दोन माइक, दोन फोन. सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे दोन्ही फाइली नंतर जुळवता येतात. फोन विमान मोडवर.

एसी हा आखातातला मुख्य शत्रू. पाऊण तास बंद ठेवायला कोणी तयार होत नाही, तेव्हा निदान माइक त्याच्या झोताबाहेर ठेवा आणि चित्रं-वस्तू दाखवायची पाच मिनिटं तरी बंद करायला सांगा. चहाचा पेला टेबलावर नको, गालिच्यावर.

व्हॉट्सॲप: जीमसाठी एकवेळ चालेल, ज आणि य दाबलेल्या फाइलीतही वेगळे कळतात. पण 'थलाथा की फलाफा' ठरवायला मुळीच नाही. थ आणि फ यांच्यातला फरक दुबळा असतो, त्याचा बराच भाग वरच्या कंप्रतांत असतो आणि त्याच आधी छाटल्या जातात. शिवाय पाठवलेला निरोप हा बोलून-थांबून, पुन्हा रेकॉर्ड करून पाठवलेला असतो. त्याला गप्पा म्हणता येत नाही. दोन प्रकारच्या नोंदी घेतल्याच तर एकत्र मोजू नका.

उलटापालटा

तिसरा प्रश्न. तयार संग्रहांनी प्रवास वाचेल, पण प्रबंध बदलेल.

सगळ्यात नीटनेटका संग्रह म्हणजे 'मदार'. पंचवीस शहरं, प्रवासात लागणारी २,००० वाक्यं प्रत्येक शहराच्या बोलीत भाषांतरित. बैरूत, कैरो, दोहा, रबात आणि ट्यूनिस या पाचांसाठी आणखी १०,०००. यात दोहा आहे, मस्कत आहे, रियाध आहे. मनामा नाही, कुवेतही नाही. आणि ही भाषांतरं आहेत हे विसरू नका. 'जवळचं औषधाचं दुकान कुठे आहे' हे वाक्य समोर ठेवून केलेलं भाषांतर म्हणजे कोणाचं बोलणं नव्हे.

आखातासाठी 'गुमर' नावाचा मोठा संग्रह आहे, बहुतेक सगळा इंटरनेटवर टोपणनावांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा. शब्द आणि वाक्यरचनेसाठी सोन्यासारखा. उच्चारांसाठी निरुपयोगी नव्हे, पण फसवा.

फसवा का, ते महत्त्वाचं आहे. अरबी लिपी उच्चार झाकते. कैरोचा माणूस क़ाफ लिहितो आणि बोलताना तिथे घशात नुसता अटकाव करतो. बहारीनचा अरब कधी 'दजाज' जीमने लिहील, कधी 'दियाय' य-ने, आणि दोन्ही वेळा उच्चार एकच असू शकतो. त्यात भर म्हणजे संगणकीय कामासाठी २०१२ साली हबश, दियाब आणि रॅम्बो यांनी 'कोडा' नावाची लेखनपद्धत सुचवली. तिच्यात बोलीतला शब्द शक्यतो मूळ अक्षराने लिहितात. यंत्राला ती सोयीची, कारण एका शब्दाची दहा स्पेलिंगं एक होतात. उच्चार अभ्यासणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिने नेमका पुरावाच पुसलेला असतो. संग्रह वापरण्याआधी तो 'कोडा'त आहे का, हे बघा.

समाजमाध्यमांवरून गोळा केलेल्या संग्रहांत आणखी एक खोट: देशाचा शिक्का लिहिणाऱ्याच्या ठिकाणावरून मारलेला असतो. रियाधमध्ये काम करणारा इजिप्शियन 'सौदी' होतो. आणि छोट्या वाक्याला बोलीच नसते. 'कसा आहेस, सगळं ठीक?' एवढ्या वाक्यावरून दोहा की मस्कत हे माणूसही सांगू शकणार नाही. २०१८च्या एका प्रसिद्ध कामात पंचवीस शहरं अधिक फुस्हा अशा २६ गटांत वाक्यं लावताना सरासरी सात शब्दांच्या वाक्यांवर ६७.९ टक्के बरोबर आली; सोळा शब्द मिळाले की नव्वदच्या पुढे. वाक्यात शब्द किती हे न सांगता कोणी अचूकतेचा आकडा दिला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

थोडक्यात, जीमच्या उच्चारासाठी तुम्हाला विमानात बसावं लागेल.

बारव (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, विषय जीमवर नेतो. आणखी दोन शंका. शिकलेले लोक फुस्हाकडे सरकतात, म्हणजे ज वाढेल असं गृहीतक मांडू का? आणि तिथल्या तिथे देवनागरीत टिपणं काढली तर चालेल? हात त्यालाच बसलाय.

खारवी

गृहीतक म्हणून मांडा, पण उलटं निघायची तयारी ठेवा. फुस्हा म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण अरबीत टिकत नाही. फुस्हा कोणाचीच घरची भाषा नाही. पुण्याच्या प्रमाण मराठीची तुलना इथे करू नका. ती कोणाच्या तरी घरात बोलली जाते. १९५९च्या निबंधात भाषावैज्ञानिक फर्ग्युसन यांनी डायग्लॉसियाची (एकाच समाजात घरची बोली वेगळी, लिखापढीची भाषा वेगळी) कल्पना मांडली ती नेमकी याच फरकावर. त्यामुळे रोजच्या बोलण्यात माणूस फुस्हाकडे न जाता शेजारच्या वजनदार बोलीकडे सरकतो.

बहारीनमध्ये होल्स यांना हेच दिसलं: बहारनांचा ज फुस्हाशी जुळतो, तरी काही शिकलेले बहारना तो सोडून अरबांचा य घेतात. बगदादमध्ये हाइम ब्लांक यांनी १९६४ साली दाखवलं की ख्रिस्ती आणि ज्यू घरांत क़ाफ शाबूत होता आणि मुसलमानांच्या बोलीत ग. चारचौघांत ख्रिस्ती माणूस फुस्हातला क़ टाकून ग म्हणायचा. अम्मानमध्ये एनाम अल-वेर यांच्या कामात तरुण मुली घराणं जॉर्डनचं असो की पॅलेस्टाइनचं, शहरी पद्धतीने क़ाफच्या जागी घशाचा अटकाव वापरतात. मुलगे मुलग्यांत 'ग' धरून असतात. फुस्हातला क़ दोघांनाही नको असतो.

फुस्हा शिरते ती शब्दांतून. 'जामिआ' (विद्यापीठ) हा शब्द अरबसुद्धा ज-नेच म्हणेल, कारण तो शब्दच पुस्तकातून आला. नीलूफर हाएरी यांनी कैरोतल्या क़ाफबद्दल हेच म्हटलंय: तिथला क़ म्हणजे जुना आवाज परत आला असं नव्हे, शब्द उसने आले. म्हणून शिकलेले शब्द वेगळ्या खुणेने मोजा. नाहीतर प्राध्यापक मंडळींचा ज वाढलेला दिसेल, पण प्रत्यक्षात फक्त विषय बदललेला असेल.

माणसं किती: दोन समाज, दोन वयोगट (२०–३० आणि ५५च्या वर), प्रत्येक कप्प्यात चार. सोळा झाले. एकाच लिंगाचे घ्या. बायका-पुरुष दोन्ही घ्यायचे तर बत्तीस लागतील आणि सहा आठवड्यांत ते होणार नाही. मधला वयोगट मुद्दाम गाळलाय, कारण दोन टोकं घेतली तर कमी माणसांतही बदल दिसतो. प्रत्येकी पाऊण तास, त्यातली १० ते ४० ही मिनिटं लिहून काढायची. आठ तासांचं बोलणं. तासाला निदान दहा तास लिहायला धरा, म्हणजे ऐंशी. शब्दागणिक व्याकरणाची फोड करायला गेलात तर तिप्पट-चौपट, तेव्हा करू नका. माणशी जीमच्या ३०–४० नोंदी मिळाव्यात, एकाच शब्दाच्या तीनहून जास्त धरू नका.

हिशेब करताना नुसते टक्के काढून थांबू नका. आर-मध्ये (आकडेमोडीची संगणकभाषा) लॉजिस्टिक मिश्र मॉडेल लावा, त्यात बोलणारा आणि शब्द हे दोन्ही यादृच्छिक घटक, म्हणजे एखादा माणूस किंवा शब्दच वेगळा वागतो हे हिशेबात धरलं जातं. शब्द घातला नाही तर 'मस्यिद' आणि 'दियाय' हे दोनच शब्द तुमचा सगळा निकाल ठरवून टाकतील.

सुपारी_कातरा

देवनागरीत मुळीच नको. कच्च्या टिपणातसुद्धा. त, त आणि ट अशी गडबड होते: अरबीत हलका त आणि जड त असे दोन आहेत, आपण दोन्हींना त लिहितो आणि घाईत जड त-ला ट. जड त म्हणजे ट नव्हे. ट-ला जीभ वळते आणि शेजारच्या स्वराचा तिसरा फॉर्मंट (स्वरातला घुमणाऱ्या कंप्रतांचा पट्टा) खाली येतो. जड त-ला घसा आवळतो आणि दुसरा फॉर्मंट खाली येतो. प्रात-मध्ये (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकदा बघा, पुन्हा चूक होणार नाही. (प्रातमध्ये फॉर्मंटची वरची मर्यादा पुरुषांसाठी ५,००० आणि बायकांसाठी ५,५०० हर्ट्झ ठेवा, तशीच सोडून दिली तर पुरुषांची मापं बिघडतात.) तीन प्रकारचे स, ऐन (घशातला एक व्यंजन-आवाज), दोन ह... देवनागरीत हे सगळं एक होतं आणि महिन्याने तुम्हालाच आठवत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरा किंवा अरबी अभ्यासकांची ठिपक्यांची रोमन; पण एकच, शेवटपर्यंत. लिहायचं ईलानमध्ये (रेकॉर्डिंगला जोडून लिहायचं सॉफ्टवेअर): बोलणाऱ्याला एक ओळ, त्याखाली शब्दाची, त्याखाली पर्यायाच्या खुणेची. वेळ आपोआप जोडलेली राहते, शंका आली की दोन सेकंदांत पुन्हा ऐकता येतं.

मराठी कानाचा एका ठिकाणी फायदा आहे. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन च आपल्याला जन्मापासून वेगळे ऐकू येतात. मध्य अरबस्तानात, नज्दमध्ये, काफचा (साधा क; क़ाफ वेगळा) 'चाक'मधला च होतो आणि क़ाफचा 'जवळ'मधला ज. किनाऱ्यावर काफचा 'चार'मधला च. इंग्रजी कानाला इथे कष्ट पडतात. बहारीनमध्ये एखाद्या म्हाताऱ्या नज्दी पाहुण्याचं बोलणं रेकॉर्डमध्ये शिरलं तर तुम्ही ते लगेच ओळखाल.

अवांतर, पण कोणीतरी विचारेलच: तिथे 'बांका' (पंखा), 'सीदा' (सरळ), 'तिजूरी', 'चूला', 'बिजली' (बॅटरी) असे शब्द कानावर येतील. मोत्यांचा व्यापार मुंबईशी होता आणि रुपया तिथे १९६०च्या दशकापर्यंत चालत होता. बहारीनमध्ये १०० फिल्सना (दिनारच्या दहाव्या भागाला) अजून 'रुब्बिया' म्हणतात, कारण १९६५ला दिनार आला तेव्हा तो दहा रुपयांना धरला होता. पण हे शब्द मराठीतून गेले असं प्रबंधात लिहू नका. पंखा आणि तिजोरी हिंदी, गुजराती, मराठी सगळीकडे आहेत. 'चूला' तर आपला नाहीच. आपली 'चूल' गेली असती तर शेवटचा आ आला नसता.

ओनामा

एक राहिलं. समाज कोणता हे थेट विचारू नका. २०११च्या तिथल्या आंदोलनानंतर आणि शिया-सुन्नी तणावानंतर तर नाहीच. गाव किंवा मोहल्ला, आई-वडिलांचं मूळ गाव, कुठे शाळा झाली, एवढंच विचारा. सितरा किंवा दिराज म्हटलं की बहारना, रिफा म्हटलं की अरब, असा अंदाज बहुतेक बरोबर येतो. मुहर्रकमध्ये येत नाही, तिथे मोहल्ला लागतो. शंका उरली तर त्या माणसाची नोंद गटांच्या मोजणीतून बाहेर ठेवा.

संमती रेकॉर्डवरच तोंडी घ्या, त्याच्याच बोलीत, आणि गप्पा संपल्यावर पुन्हा एकदा विचारा. दोघं एकमेकांत रंगले की तिसऱ्याच कोणाबद्दल बोलून जातात. तो भाग कापायची मुभा त्यांना द्या. फाइलीच्या नावात माणसाचं नाव नको: समाज, वयोगट, क्रमांक, तारीख. खुणांची किल्ली वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरात. आणि रोज रात्री दोन प्रती.